सासुरवाडीला गेलेलं इंजिन

मी ढकल्या बोलतोय. जातीने इंजिन, पण तुमच्या कुठल्याही गाडीत मी सापडणार नाही. माझा मुक्काम कॉम्प्युटरवरच्या एका अंतराळाच्या गेममध्ये. तिथे चांगली कळती माणसं कामधंदा आटोपून जहाजं उडवतात आणि दुसऱ्याचं जहाज फुटलं की पोरांसारखी नाचतात.

माझा जन्म काही मानाचा नाही. गेममध्ये नवा माणूस आला की मला त्याच्या हातावर फुकट ठेवतात, आणि फुकट मिळालेल्याला कोण विचारतो? वेग बेताचा. पण मी बॅटरी जपून वापरतो आणि कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. मला ज्याच्या हातावर ठेवलं, तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस होता.

त्याला या नादाला लावलं त्याच्या सासूबाईंनी. हो, सासूबाईंनीच! बाई रिटायर्ड हेडनर्स, राहायला दुसऱ्या गावात. एरवी दोघांचं बोलणं म्हणजे, "पोचलात का?" "पोचलो." "जेवलात का?" "जेवलो." संपलं. पण कानाला हेडफोन लागले की दोघांच्याही जिभेला पाय फुटायचे. लिफ्टमध्ये अडकून देवाचा धावा करणारे साहेब काय, इंजेक्शन पाहून पलंगाखाली शिरलेले पैलवान काय, हसून हसून जहाजं भलतीकडेच जायची. खरं सांगतो, तो माणूस त्या गप्पांसाठीच खेळायचा. जहाज हे नुसतं निमित्त.

एक दिवस बाईंनी ठरवलं, अंतराळातले दगड फोडून साठवलेला सगळा धातू मोठ्या जहाजात भरून चाच्यांच्या खिंडीतून पलीकडे न्यायचा. रखवालीला जावई.

"जावईबापू, हे जहाज गेलं तर मी खेळ सोडला म्हणून समजा. या वयात पुन्हा दगड फोडत बसायची नाही मी."

जावयाने मनात हिशेब केला. गेम सुटला की पुन्हा आपलं "पोचलात का?" सुरू!

मग इंजिन निवडायची वेळ आली. बाजारातून झपाट्या आला. त्याचा निळा जाळ, तुफान वेग आणि भलताच तोरा. पण बॅटरी ढोसायचा, आणि तो सुरू झाला की शत्रूच्या पडद्यावर आपलं जहाज फुगून म्हशीएवढं दिसायचं. बाईंनी बजावलं होतं, "इंजिन एकच बसवा. उरलेल्या जागी ढाल लावा." जावयाने काय करावं? ढाल काढली आणि झपाट्याशेजारी मला कोंबलं.

जावयाच्या शेजारी त्याची बायको जुन्या शर्टाची शिवण उसवत बसली होती. "अरे, दोन्ही इंजिनं एकदम चालतच नाहीत ना?"

"एक बंद पडलं तर? लिफ्ट कधी एका दोरावर टांगतात का?"

"ती लिफ्ट आहे! आईला काय सांगशील?"

"सांगायचं कशाला?"

झपाट्याने माझ्याकडे पाहून नाक मुरडलं. "सरकून बस रे," म्हणाला.

खिंडीत चाचे टपलेलेच होते. त्यांनी आमच्यावर इंजिन बंद पाडणारा असा काही जॅम टाकला की झपाट्याने एक उचकी दिली आणि तो गार पडला. त्याच्यासारख्या दांडग्या इंजिनांनाच तो जॅम बाधतो, मला नाही. जावयाने घाबरून माझं बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला अडीनडीला हाक मारली हो!

मी निघालो. आता पळालो असतो तर आमचं जहाज नक्की वाचलं असतं. पण सासूबाईंच्या जहाजाचं धूड अजून खिंडीतच होतं. जावई ओरडला, "आई, तुम्ही निघा!" आणि मला चाच्यांभोवतीच गरागरा फिरवायला लागला. आमचं जहाज एवढंसं, त्यांच्या तोफा भल्यामोठ्या. नेम काही बसेना. बाई पलीकडे गेल्या, आणि नेमका तेव्हाच एक गोळा बसला. ढाल नव्हतीच. आमच्या चिंधड्या उडाल्या.

चाचे नाचून निघून गेले. मी मोडतोडीत तरंगत होतो. झपाट्याचं तर नावही उरलं नव्हतं. तेवढ्यात पाहतो तो काय, बाई परत हजर!

"आई, कशाला आलात?"

"पसारा टाकून जायची सवय बरी नव्हे. हे काय, झपाट्याच्या जोडीला हे दुसरं इंजिनही लावलं होतंत?"

बायको खुदकन हसली.

"मेलं, बरं झालं माझं ऐकलं नाहीत ते," बाई म्हणाल्या आणि मला उचलून त्यांनी आपल्याच जहाजात बसवलं.

तेव्हापासून मी इथेच आहे. या धुडाला ढकलायचं म्हणजे मुंगीने कपाट सरकवण्यासारखं आहे. मी जीव तोडून चालतो आणि जहाज तसूभरही जास्त पळत नाही. जावयाने नवं जहाज घेतलंय, त्यात नवा झपाट्याही आहे, पण तो कायम बंद. दोघं शेजारी शेजारी रांगत जातात आणि गप्पांना खळ नसतो.

परवा जावयाने भीत भीत विचारलं, "आई, तुमच्या जहाजाला मोठं इंजिन बसवू का?"

"का? तुम्हाला घाई आहे का कुठे जायची?"

"छे, मुळीच नाही."

तेव्हा मंडळी, तुमच्यात कुणी या गेममधले जाणकार असाल, तर हात जोडून विनंती आहे. या दोघांना वेगाचं गणित समजावून सांगायला येऊ नका. त्यांना ते चांगलं कळतं.