बहिणीची रिकामी खुर्ची

“गोदेलीव, ते भोक कुणी बुजवलंच, तर तूच आपल्या हातानं उसव. वचन दे.”

शेवटच्या आजारात लुटगार्डचा आवाज खोल गेला होता. गोदेलीवनं तिचा हात हातात घेऊन वचन दिलं होतं.

आणि आज अकरा वाजता प्रदर्शन उघडणार, तर ते भोकच नाही! सकाळची प्रार्थना आटोपून गोदेलीव दालनात आली आणि लेसच्या पडद्यासमोर थबकली.

तो पडदा लुटगार्डनं अकरा वर्षं विणला होता. ब्रुज शहरातल्या त्यांच्या गल्लीतल्या बायका दारात ओळीनं बसून लेस विणताहेत, आणि मधली एकच खुर्ची रिकामी, तेच ते भोक. लुटगार्डची बहीण तिथं बसायची. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून गेली, ती परतलीच नाही. आता त्या जागी जाळीदार फुलांनी विणलेली एक बाई आरामात बसली होती.

“छान जमलंय ना?” प्रदर्शन मांडणारा वान्नेस खुशीत म्हणाला. “तपासणीच्या कागदावर मी ‘मधोमध छिद्र’ असं लिहिलं होतं. तीनाबाईंनी ते वाचलं आणि दोन आठवडे इथंच ठाण मांडलं. म्हणाल्या, हे माझं शेवटचं काम.”

गोदेलीवनं डोळे मिटले. तीनाबाई तिच्याही गुरू आणि लुटगार्डच्याही. फाटकं दिसलं की दुरुस्त केल्याशिवाय उठायचं नाही, ही शिस्त त्यांनीच दोघींना लावलेली.

“वान्नेस, ते भोक पडलेलं नव्हतं रे. ठेवलेलं होतं.”

त्याचा चेहरा उतरला. “अरे देवा! पण आता कुणाला कळणार, मावशी? तीनाबाई पहिल्या रांगेत बसणार आहेत. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांना काय सांगायचं?”

“मला कळतंय ना.”

तिनं बारीक कात्री काढली. दुसऱ्या हाताच्या बोटांखाली खिशातल्या जपमाळेचे मणी नकळत सरकू लागले. तुकडा कडेलाच जोडलेला. शेवटच्या धाग्याचं टोक सापडलं तर अख्खा सुटेल. तिनं भिंग लावून सगळी कड पालथी घातली. टोक सापडेना. ते कुठं दडवायचं, हे तीनाबाईंनी जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं. “तेवढं माझ्याबरोबर वर जाऊ दे गं,” म्हणून त्या हसायच्या. अंदाजानं कापावं, तर लुटगार्डचाच धागा तुटायचा.

घड्याळात साडेआठ झाले होते.

“मावशी, राहू द्या ना,” वान्नेस हळूच म्हणाला.

आपण गेलो की तीनाबाई घराचं दार उघडतील, कौतुक ऐकायला कान टवकारतील. पहिलं वाक्य काय बोलायचं? गोदेलीवनं कात्री रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली.

“दालनाचं दार लावू नकोस हं,” ती म्हणाली. “मी बाईंना घेऊन येते. टोक कुठंय ते त्याच दाखवतील.”

आणि कालव्यावरचा पूल ओलांडून ती तीनाबाईंच्या घराकडे चालू लागली.