दोन हातांचा स्टँड

“धर पोरी, घट्ट धर. सोडू नकोस.”

तेव्हा युडेल्का नऊ वर्षांची होती. तिशीला टेकली तरी बापाचा तो आवाज तिच्या कानातून गेला नव्हता. बाराओना गावातल्या घराचं अंगण, मोटरसायकलच्या इंजिनाखाली सरकवलेला बिअरचा खोका, मागचं चाक काढायला खाली बसलेला बाप एलिहिओ आणि हँडल धरून उभी लेक. मग गाडी पडली. बापाचा घोटा मोडला आणि उजवा पाय जन्माचा अधू झाला. पोरीनं गाडी सोडली, असं गल्लीनं ठरवलं. एलिहिओ ना हो म्हणाला, ना नाही. लेकीनं ते गप्प राहणंच होकार मानलं आणि तो दोष निमूट वागवला.

बदामाच्या झाडाखाली भाड्याच्या मोटरसायकलींचा थांबा होता; तिथं नंबरचं जॅकेट असेल त्यालाच प्रवासी नेता येत, आणि एलिहिओचं जॅकेट सतरा नंबरचं होतं. आता गुडघेही साथ देईनात, तेव्हा ते जॅकेट युडेल्कानं मागितलं. थांब्याची रीत अशी की नंबर घेणाऱ्यानं सगळ्यांसमोर मागचं चाक काढायचं, पंक्चर जोडायचं, चाक परत बसवायचं. गाडी कलती धरायला मात्र दुसरा माणूस लागायचा, कारण मधला स्टँड कुणाच्याच गाडीला नव्हता. मागं दोन प्रवासी बसवले की तो गतिरोधकाला घासतो, म्हणून नवी गाडी दारात आली की आधी तो कापायचा.

“तुझी गाडी आम्ही धरतो गं,” थांब्याचा म्होरक्या ताविओ म्हणाला, “आमची मात्र तू धरू नकोस.”

सगळे हसले. कुणी धरायची गरज नाही, एवढंच ती म्हणाली.

जुन्या लोखंडी पलंगाचे पाईप घेऊन ती वेल्डरकडे गेली. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी गाडीला खालून आधार देतील असे दोन हात, पायानं दाबायला लांब दांडा, आणि पाण्याच्या ढकलगाडीची दोन चाकं. पहिल्याच दिवशी अंगणाच्या उतारावर गाडी स्टँडसकट पुढं सरकली. छाती लावून तिनं ती कशीबशी थोपवली आणि मग तिथंच जमिनीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि पुढचा ब्रेक आवळून बांधला. गाडी जागची हलली नाही. मग रोजच चाक वर, चेन पुसायची, तेल द्यायचं, चाक खाली. एलिहिओ दारातून बघायचा, हातातली कॉफी निवून जायची.

शनिवारी सकाळी थांब्यावर पंधरा-वीस जण जमले. युडेल्कानं ब्रेक बांधला. स्टँडचे हात नीट बसले का, ते वाकून पाहिलं. एक हात सीटवर ठेवला, दांड्यावर पाय दिला आणि अंगाचा भार टाकला. खट्ट झालं. मागचं चाक जमिनीपासून वीतभर सुटलं.

मग तिनं दोन्ही हात सोडले.

गाडी उभी होती. झाडासारखी उभी होती. नट सुटला, चेन उतरली, चाक निघालं. ठिगळ बसलं, हवा भरली, चाक चढलं. चेन बोटानं उचलून तिनं ढिलाई पाहिली आणि चाक जोरात फिरवलं. ते फिरतच राहिलं, बारीक गुणगुणत, जणू अंगणात कुणी एकटंच गात बसलंय.

ताविओनं जॅकेट स्वतः आणून दिलं. मान खाजवत विचारलं, उद्या त्याच्याही चेनच्या कामाला हा स्टँड मिळेल का.

“मिळेल,” ती म्हणाली. “धरायला मी लागणार नाही.”

या वेळी सगळे ताविओला हसले. त्या हसण्यातून वाट काढत, पाय ओढत एलिहिओ पुढं आला. फिरत्या चाकावर तळहात ठेवून त्यानं ते थांबवलं.

“त्या दिवशी तू सोडली नव्हतीस, पोरी,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “खोक्याला तडा होता. मी पाहिला होता, तरी तोच लावला. गाडी पडल्यावरसुद्धा तू हँडल धरूनच होतीस.”