चार लोकांत मोडलेला शब्द

जरीपटक्याच्या बाजारामागे एक गल्ली आहे. तिथे दोन दारं अगदी समोरासमोर. इतकी, की एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात ठसका लागावा. पण सहा वर्षांत या दारातून त्या दारात वाटीभर साखरसुद्धा गेली नव्हती.

एका दारात भावना आणि तिचे आजोबा देवराव, म्हणजे आबा. समोर त्यांची सख्खी धाकटी बहीण सिंधूआजी आणि तिचा नवरा जयवंता. आणि एवढं भांडण कशावरून? तर आलूच्या भाजीवरून!

दीक्षाभूमीवर दसऱ्याला गावोगावची माणसं लोटतात. त्यांना जेवू घालायला ही दोन्ही घरं मिळून मंडप टाकायची. त्या वर्षी भाजीचं मोठं पातेलं, गंज, आबांच्या ताब्यात होतं. जयवंताआजोबांनी भर पंगतीत पहिला घास घेतला आणि म्हणाले, "देवराव, आलू कच्चेच आहेत गा!" लोक खो खो हसले. आबांनी हातातला पळा आपटला. "चार लोकांत इज्जत काढली माही! आता तुह्या मातीलेही येणार नाही!"

तेव्हापासून मंडप दोन, गंजं दोन आणि तोंडंही दोन दिशांना.

आणि आज ती माती आली होती. सकाळी चहाचा कप हातात असतानाच जयवंताआजोबा गेले. ना दुखणं, ना खुपणं.

दुपारचे बारा झाले. समोरच्या अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीवाटीने बसली होती. सगळी तयारी झाली, पण बुद्धवंदना काही सुरू होईना. वस्तीत लग्न असो की मयत, वंदना घ्यायचे ते आबाच. आज आबा येणार नाहीत म्हणून उमरेडहून एका बौद्धाचार्यांना बोलावलं होतं, तर ते वाटेतच अडकले. तशी वंदना सगळ्यांनाच पाठ. पण समोरच्या दारात खुर्ची टाकून आबा बसलेले. त्यांच्यासमोर चूक करायची कुणाची छाती?

शेवटी जयवंताआजोबांचा मुलगा, धम्मदीपकाका, रडून लाल झालेले डोळे पुसत अंगणात आईशेजारी बसलेल्या भावनाजवळ आला. "तूच घे वं भावना. तुले तर आबायनंच शिकवलं."

भावना दहावीत होती. गेल्याच महिन्यात ती शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती आणि तेव्हापासून तिला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. आई "अवं, बस खाली" म्हणेपर्यंत ती उभीसुद्धा राहिली. त्रिशरण स्वच्छ, खणखणीत झालं. पंचशील सुरू केलं. दुसऱ्या शीलाला तिची नजर सिंधूआजीकडे गेली. आजी जयवंताआजोबांकडे पाहतच नव्हती. ती समोरच्या दाराकडे पाहत होती.

भावना थांबली. लोक चुळबुळले. ती सरळ गल्ली ओलांडून आबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, मले पुढचं येत नाही."

"खोटं नको बोलू. पहिलीत होती तवापासून येते तुले."

"अन् तुम्ही? मले यायचं नाही, मले यायचं नाही करून राहिले, अन् सकाळपासून इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बसले!"

अंगणात कुणीतरी खोकलं. आबा सदऱ्याची बटणं चाचपत राहिले.

"चार लोकांत बोललो होतो मी, पोरी," ते हळूच म्हणाले. "शब्द आहे तो."

"मंग चार लोकांतच मोडा नं!"

बोलून गेली खरी, पण लगेच तिने एक पाऊल मागे घेतलं. आबांवर आजवर घरातल्या कुणी आवाज चढवला नव्हता. आता उठतात आणि एक ठेवून देतात, असंच तिला वाटलं.

आबा उठले. चपला घालायचंही त्यांना सुचलं नाही. आठ पावलांची गल्ली त्यांनी इतक्या सावकाश ओलांडली, जणू मध्ये भरलेली नदी आहे. अंगणात येऊन त्यांनी आधी लोकांपुढे हात जोडले.

"आयका. त्या वर्षी आलू कच्चेच होते. मले दिसलं होतं. लोकं खोळंबले होते म्हणून घाईनं उतरवली भाजी. जयवंता खरं बोलला, अन् म्या त्याले सहा वर्षं तोंड नाही दाखवलं. चुकलो मी."

कुणी हसलं नाही.

"दादा," सिंधूआजीचा आवाज फाटला, "हे काल बोलला असता, तर ऐकून गेले असते नं ते."

आबा मान खाली घालून तसेच उभे राहिले. मग आजीच चटईवर जराशी सरकली.

"बस. उभा काहून आहे?"

आबा बसले. तिचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. वंदना सुरू करायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. त्यांनी भावनाकडे पाहिलं.

"तू घे. पहिल्यापासून. मी मागून म्हणतो."

मयतीच्या घरात आनंद झाला तर माणसाने करायचं काय, हे भावनाला कुणी शिकवलं नव्हतं. तिने डोळे घट्ट मिटले, हात जोडले आणि सुरुवात केली. तिच्या मागून अख्खं अंगण म्हणू लागलं. त्यात एक घोगरा आवाज अर्धा शब्द मागे राहत होता, आणि त्याला सोबत घ्यायला ती प्रत्येक ओळीला थोडी थांबत होती.