आपोआप कळतं तिला

ठकूच्या कामाबद्दल तिच्या आईने एकदाच नीट बसून विचारलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "म्हणजे चोंबडेपणाचं काम. कोण कुठून उठलं, कुठे जाऊन बसलं, ते ह्याचं त्याला सांगायचं. पगार देतात होय ह्याचा?"

तसं ते अगदीच चूक नव्हतं. ठकू एका मोठ्या रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, एका अरुंद खोलीत बसून तिथला नेमसर्व्हर सांभाळायची. त्यात प्रत्येक रोग्याचं, खाटेचं, यंत्राचं नाव होतं आणि नावासमोर ते या घडीला कुठे आहे त्याचा पत्ता. रोगी हलला की पत्ता बदलायचा. आता स्वयंपाकघराच्या, तपासणीच्या, औषधांच्या प्रोग्रॅमांनी घटकेघटकेला 'बदललं का, बदललं का' विचारत राहायचं ठरवलं असतं, तर सर्व्हरचं डोकं उठलं असतं. म्हणून ते एकदाच येऊन नोंद करून जायचे, की ह्या नावाचं काही हललं तर मला कळव. असल्या कान लावून बसलेल्या प्रोग्रॅमाला लिसनर म्हणतात. नोंद झाली की त्याने निवांत बसावं. नाव नवं आलं, पुसलं गेलं किंवा पत्ता बदलला, की सर्व्हर स्वतःहून निरोप धाडतो.

नातेवाइकांसाठी तसा लिसनर बसवायची कल्पना ठकूची. रोग्याची खाट बदलली की घरच्यांच्या फोनवर निरोप जायचा. त्याआधी वॉर्डाबाहेरच्या बाकांवर माणसं दिवसदिवस बसून असत. आपण जरा चहाला गेलो आणि नेमकं काही झालं तर, ह्या धास्तीने कुणी हलत नसे. लिसनर सुरू झाला आणि बाकं रिकामी दिसू लागली. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आता तर गावभर चोंबडेपणा." पण शेजारणीला फोनवर तेच कौतुक ती दोनदा सांगत होती, हे ठकूने स्वयंपाकघरातून ऐकलं.

मग आईच तिथे दाखल झाली. हृदय थकलं होतं, छातीत पाणी होत होतं. पहिले काही दिवस वाईट गेले, नंतर उतार पडला. डॉक्टर म्हणाले, आठवड्याभरात घरी जातील.

वडील मात्र खाटेशेजारच्या स्टुलावरून उठेनात. त्यांचं आयुष्य चष्म्याच्या दुकानात उभं राहून गेलेलं, पाय आधीच अधू. आता रात्रंदिवस लटकवून ठेवलेले ते पाय सुजून बुटात मावेनासे झाले. आईला ते बघवेना.

"ह्यांना घरी ने गं," ती ठकूला म्हणाली. "मी बरी व्हायचे आणि हे शेजारच्या खाटेवर यायचे."

"मला काही धाड भरलेली नाही," वडील म्हणाले.

"पाय बघा स्वतःचे. पाववाल्याने फुगायला ठेवल्यासारखे झालेत."

ठकूने वडिलांचा फोन मागून घेतला. त्यांचा नंबर आणि स्वतःचा, दोन्ही आईच्या नावावर नोंदवले. "बाबा, आता घरी जाऊन झोपा. आईला इथून एक खाट जरी हलवलं तरी तुमचा फोन वाजेल."

"आणि नाही वाजला तर?"

"नाही वाजला म्हणजे ती इथेच आहे. ठीक आहे."

वडिलांनी फोनकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "तुझा भरवसा आहे ना त्याच्यावर?"

"मीच बनवलंय बाबा ते."

ते उठले. जाताना त्यांनी बायकोच्या पायावरचं पांघरूण उगीचच सारखं केलं. "अहो, जा आता," ती म्हणाली, "नवरदेवासारखे रेंगाळताय काय." ते हसले, भिंतीला धरत धरत गेले.

ते गेल्यावर त्याच सकाळी तळमजल्यावर नेटवर्कची माणसं संगणकांच्या तारा जोडणारा एक जुना स्विच काढून नवा लावत होती. ठकूच्या पडद्यावर सगळं क्षणभर लाल झालं आणि पुन्हा हिरवं झालं. तिने स्वयंपाकघराचा लिसनर तपासला, तपासणीचा बघितला, औषधांचा बघितला. सगळे जागेवर होते. ती चहा घ्यायला गेली.

जोडणी तुटली की सर्व्हर तिच्यावरच्या सगळ्या नोंदी काढून टाकतो. जाता जाता लिसनरला एकच शेवटचा निरोप देतो, की तुझी नोंद गेली. तो निरोप आला की परत जाऊन नोंद करायची, हे लिसनर लिहिणाऱ्याने लिहून ठेवायचं असतं. स्वयंपाकघराच्या लिसनरमध्ये ठकूने ते लिहिलं होतं. औषधांच्या, तपासणीच्याही लिहिलं होतं. नातेवाइकांच्या लिसनरमध्ये ती जागा तिने मोकळी ठेवली होती. सुरू करायची घाई होती, साहेब मागे लागले होते, हे मागाहून करू असं तिने ठरवलं होतं आणि मग ते डोक्यातून गेलं. शेवटचा निरोप आला, मोकळ्या जागेत पडला आणि विरून गेला. पडदा हिरवाच राहिला.

ठकू जेवणाच्या सुट्टीत खाली आली. आईसाठी तिने संत्रं सोलून डब्यात आणलं होतं, शिरा काढून, कारण आई त्यावरून कुरकुर करायची. खाटेवर स्वच्छ नवी चादर घातलेली होती. उशी सुद्धा नवी.

शेजारच्या खाटेवरच्या बाई कोपरावर उठून बसल्या. "अगं, त्यांना आयसीयूत नेलं की मघाशी. धाप लागली एकदम. मला वाटलं तू तिकडेच असशील."

ठकूने खिशातला फोन काढून बघितला. त्यावर काहीच नव्हतं. जिन्यावरून जाताना ती पुन्हा पुन्हा तो बघत होती, जणू आता तरी येईल.

आयसीयूच्या दारातच डॉक्टर भेटले. त्यांनी तिला ओळखलं. त्यांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं, त्यांना बोलावं लागलं नाही. तरी ते बोलले, बोलणं भाग होतं. फार वेळ झालेला नव्हता.

गेलेलं माणूस झोपल्यासारखं दिसतं असं लोक म्हणतात, आईचं तसं काही दिसत नव्हतं. केस कपाळाला चिकटले होते. हात गार पडायला लागला होता, पण तळव्यात अजून थोडी ऊब होती. ठकूने तो दोन्ही हातांत धरला आणि ऊब जाईपर्यंत धरून ठेवला.

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर मागे येऊन उभ्या राहिल्या. वीस-बावीस वर्षं ह्या कामात घालवलेली बाई, पण तिचा आवाज ठिकाणावर नव्हता.

"पडद्यावर आलं होतं, नातेवाइकांना निरोप जाईल म्हणून. तरी मी तुमच्या आईंना म्हटलं, मुलीला फोन लावू का? त्याच नको म्हणाल्या."

ठकूने मान वर केली.

"म्हणाल्या, फोन कशाला करता, तिला आपोआप कळतं. तिनेच बनवलंय ते. येईलच ती इतक्यात." सिस्टर थांबल्या. "दाराकडे बघत होत्या सारख्या. तुम्ही वरच्याच मजल्यावर असता ना, म्हणून मलाही वाटलं, निघालाच असाल."

ठकूला वडिलांना फोन करायचा होता. नंबर समोर होता, बोट पुढे होईना. शेवटी सिस्टरनी तिच्या हातातून फोन घेतला, लावला आणि तिच्या कानाशी धरला.

पहिल्या घंटेलाच वडिलांनी उचलला. "कुठे हलवलं तिला?" त्यांनी विचारलं.

ते आले तेव्हा शर्टाची बटणं वरखाली लागली होती. ते बायकोजवळ बसले, बराच वेळ तिच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिले. मग ठकूला म्हणाले, "वाजला नाही गं. हातातच धरून आडवा झालो होतो. डोळा लागला जरासा. वाजला असेल, मला ऐकू आलं नसेल."

तेव्हाच सांगायला हवं होतं. ठकूचं तोंड उघडलं नाही.

पुढचे दिवस भेटायला येणाऱ्यांचे गेले. प्रत्येकाला वडील तेच सांगत. फोन आला होता, पण मी झोपलो होतो. कुणी म्हणे, असं मनाला लावून घेऊ नका. कुणी म्हणे, थकला होतात तुम्ही, माणूस आहात. ते मान हलवत. ठकू पाण्याचे पेले भरत, रिकामे नेत, घरभर फिरत राही आणि दर वेळी ते वाक्य कानावर आलं की स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राही.

एका दुपारी ते फोन घेऊन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात जाऊन आले. "पोरगा म्हणतो, फोन चांगला आहे. आवाजही ठणठणीत आहे," त्यांनी सांगितलं आणि खुर्चीत बसले. "म्हणजे माझेच कान. इतकी वर्षं दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून खपलो आणि स्वतःला ऐकू आलं नाही."

ठकू त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"बाबा, फोन वाजलाच नव्हता."

त्यांनी फोन मांडीवर ठेवला.

मग तिने सांगितलं. स्विच बदलला, नोंदी गळून पडल्या, त्या परत करायचं मी लिहून ठेवायला हवं होतं, ते लिहिलं नव्हतं. सबब सांगितली नाही. साहेबांची घाई सुद्धा सांगितली नाही. आई काय म्हणाली तेही सांगितलं, कारण ते एकटीने बाळगणं तिच्याच्याने होत नव्हतं.

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती घेऊन झाली.

"म्हणजे मी झोपलो होतो म्हणून नव्हे," ते म्हणाले.

"नाही बाबा."

त्यांचा चेहरा एकदम वाकडा झाला. पोर रडावं तसे ते रडायला लागले, खांदे उडत होते. ठकूने हात पुढे केला. त्यांनी तो झिडकारला नाही, धरलाही नाही. थोड्या वेळाने उठून तोंड धुवायला गेले. नळ खूप वेळ चालू राहिला.

कामावर परतल्यावर तिने पहिल्यांदा साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, अशा चुका सगळ्यांच्या हातून होतात. ती आपल्या खोलीत येऊन बसली. मोकळी जागा भरायला तिला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. नोंद गेली की पुन्हा कर, नाही झाली तर मला उठव. एवढंच होतं ते. मग तिने स्वतः तळमजल्यावर जाऊन तार उपटली, परत खोचली, वर येऊन बघितलं. सगळ्या नोंदी जागेवर आल्या होत्या. आईचं नाव अर्थातच त्यात नव्हतं. ते केव्हाच पुसलं गेलं होतं.

सिस्टरनी आपला वेगळाच नियम केला. पडद्यावर काही येवो, वॉर्डातून कुणी हललं की घरच्यांना तोंडाने फोन करायचा. ठकूने तो नियम कागदावर आणून साहेबांची सही घेतली. निरोप एकदा चुकल्याचं कानोकानी झालं होतं, बाकं पुन्हा थोडी भरायला लागली. तिला ते बघून बरं वाटलं की वाईट, हे तिचं तिला कळलं नाही.

घरी ती दोघं एकमेकांना सांभाळून वागत. मीठ पुढे करत, दिवे मालवत, वर्तमानपत्राची पानं वाटून घेत. पण वडील काहीतरी धरून बसले आहेत, हे तिला दिसत होतं. शेवटी एका संध्याकाळी जेवताना त्यांनी घास ताटात ठेवला.

"तू चुकलीस," ते म्हणाले.

"हो बाबा."

"माझा राग आहे तुझ्यावर. नाही म्हणून उपयोग नाही."

"हो."

"आणि तिचाही आहे. फोन नको म्हणाली म्हणून. शहाणी मोठी." त्यांचा आवाज चिरकला. "मी तिथे असतो तर ती वाचली असती असं नाही. तेवढं कळतं मला. हात धरला असता फक्त. चाळीस वर्षं धरला, नेमका तेव्हा सुटला."

ठकू मान खाली घालून बसली होती. आसवं ताटात पडत होती, ती तिने पुसली नाहीत.

"जाईल राग," वडील म्हणाले. "वेळ लागेल. तू माझ्या पाया पडायला येऊ नकोस आणि मला समजवायलाही येऊ नकोस. नुसती घरात अस."

"असेन," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा घास उचलला, पण तो तोंडापर्यंत गेला नाही. दोघं तशीच बसून राहिली, अन्न गार होईपर्यंत.