फोटोतल्या झुंबरबाई

कोडोलीत सप्ताह बसला होता, आणि बुवांचं आख्यान काल भलत्याच ठिकाणी थांबलं होतं. रावण जोगड्याचा वेश घेऊन, झोळी पसरून, सीतामाईच्या दारात उभा. तिथंच बुवांनी गजर घेतला आणि उरलेलं उद्यावर टाकलं. रात्रभर झुंबरबाईंच्या जिवाला चैन नव्हती. आज लवकर आवरायचं आणि देवळात पुढची जागा धरायची, एवढाच त्यांचा बेत.

दुपार कलताना दारात मोटार थांबली. एक म्हाताऱ्या बाई उतरल्या, मागनं लेक, सून आणि बॅगा. म्हाताऱ्या बाई झुंबरबाईंकडं बघून अशा तोंड भरून हसल्या, की ओळख नाही म्हणायची सोयच राहिली नाही.

“आलो बाई एकदाचे!”

“या की, या! लई दमलासा,” म्हणत झुंबरबाई पाण्याला आत पळाल्या.

पाय धुवायला पाणी द्यायच्या आत ‘तुम्ही कोण’ विचारायचं म्हणजे आल्या पावण्याला दारातनं परत लावण्यासारखंच. लेकानं सांगितलं, आम्ही नाशिकचे, आई दिवस मावळल्यावर जेवत नाही, आणि कांदा-लसूण नको. झालं, झुंबरबाईंना कोडं सुटलं. जैन पावणं म्हणजे मालकांचे दोस्त जयपालअण्णा, त्यांचं सोयरं. मालकांनी बोलावलं असणार आणि सवयीप्रमाणं सांगायला विसरले असणार.

मालक म्हणजे आकाराम. ते डेअरीत दूध घालून आले, त्यांनी पावणं बघितलं आणि धरून चालले की ही बायकोच्या भजनाची माणसं. तेही हसले, बसले, उसाच्या गप्पा सुरू.

ऊन असेतोवर पानं मांडली. दोडक्याची भाजी, वरणभात, गरम चपात्या, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी. म्हाताऱ्या राजमतीबाईंनी चपाती मागून घेतली, तेव्हा झुंबरबाईंना अगदी भरून पावल्यासारखं झालं.

हात धुता धुता लेक, ऋषभ, म्हणाला, “काकू, तुम्ही दोघं आता कुठं राहायला जाणार?”

“आमी? आमी कुटं जाऊ?”

“म्हणजे, दोन दिवसांसाठी अख्खं घर घेतलंय ना आम्ही.”

आकाराम उठूनच उभे राहिले. “घेतलंय? आन् इकलं कुणी?”

सून प्रियदर्शनीनं मोबाइल पुढं केला. सुट्टीपुरती घरं भाड्यानं देणाऱ्या साइटवरची जाहिरात; तीत याच घराचं निळं फाटक, सोप्यातला झोपाळा. तिसऱ्या फोटोत हिरव्या लुगड्यात, पुरणपोळीचं ताट घेऊन हसणाऱ्या झुंबरबाई. वास्तुशांतीचे फोटो. पुण्याच्या लेकीनं, अनुजानं, कौतुकानं नेटवर टाकलेले.

“अगं बाई, ही तर मीच!”

“तुम्हीच. म्हणून तर आईंनी हेच घर धरलं,” प्रियदर्शनी म्हणाली. “मी म्हणत होते, एवढं स्वस्त कसं? जाहिरातवाल्यानं साइटवरनं पैसे घेतलेच नाहीत, थेट खात्यावर टाका म्हणाला. वर घाई, आणखी दोन पार्ट्या थांबल्यात म्हणे. व्हिडिओ कॉलवर घर दाखवा म्हटलं, तर गावात रेंज नाही.”

“रेंज न्हाय?” आकाराम कडाडले. “हितं म्हशीच्या गोठ्यातबी रेंज हाय!”

ऋषभनं त्या माणसाचा नंबर लावला. बंद. पुन्हा बंद. त्याचा चेहरा बदलला. “घर तुमचं, फोटो तुमचा, आणि तुम्हाला काहीच माहीत नाही?”

झुंबरबाई ताटांकडं बघत राहिल्या. काल त्या सीतामाईसाठी रडल्या होत्या. पण ज्या खऱ्या जोगड्यांचा वेश रावणानं चोरला, त्यांचं काय? त्यांच्या झोळीत मग कुणी मूठभर तरी घातलं असेल का? ते बुवांनी सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

ऋषभनं बॅगा उचलल्या. “आई, चल. लॉज बघू.”

झुंबरबाई उंबऱ्यात आडव्या झाल्या. “बॅगा खाली ठेव, बाळा. आक्का माझ्या तोंडाकडं बघून आल्यात न्हवं? मग तुमी गेलासा तर त्यो चोर खरा आन् मी खोटी. ते हुयाचं न्हाय.”

“मी कुठं निघालेय?” राजमतीबाई झोपाळ्यावरनं हलल्याच नाहीत. “ऋषभ, यांची चपाती खाल्लीस, मग यांना असं विचारतोस? माफी माग.”

त्यानं मागितली. बॅगा माडीवर गेल्या.

सायबरच्या मदतक्रमांकावर आणि साइटवर तक्रार झाली, पण झुंबरबाईंचं समाधान होईना. जाहिरात उतरेतोवर आणखी कोण फसलं तर? “माझ्या तोंडानं घात झालाय, तर तेच तोंड दावूया,” त्या म्हणाल्या. प्रियदर्शनीनं मोबाइल धरला. झुंबरबाईंनी पदर नीट घेतला, बुवांसारखे हात जोडले.

“राम राम मंडळी. मी कोडोलीची झुंबरबाई. हे घर भाड्यानं मिळत न्हाय. कुटंबी घर घेताना म्हणा, मालक, फोन हातात धरून घरभर फिरा, तुळस दावा, चूल दावा. न्हाय म्हटला की सोडा. पैसे साइटच्या भाईर देऊ नगासा. आन् जो लई घाई करतो, त्याला म्हणा, बाबा, आमास्नी घाई न्हाय. शंका असली तर ह्या नंबरावर मलाच इचारा.”

“आन् रेंज हाय!” मागनं आकाराम ओरडले. तेही व्हिडिओत आलं.

अनुजानं पुण्यातनं तो सगळीकडं पाठवला.

देवळात पुढची जागा केव्हाच गेली होती. खांबापाशी झुंबरबाई आणि राजमतीबाई दाटीवाटीनं बसल्या. बुवा रंगात आले. सीतामाई भिक्षा घेऊन बाहेर आली, पाऊल रेषेपाशी आलं, सगळा मंडप श्वास रोखून. राजमतीबाई झुंबरबाईंच्या कानाशी वाकल्या.

“आधी लक्ष्मणाला व्हिडिओ कॉल करायला हवा होता हो हिनं.”

दोघी तोंडात पदर कोंबून हसल्या. बुवांनी रागानं बघितलं.

पावणं निघून गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी लातूरहून एका बाईंचा फोन आला. पैसे भरणारच होत्या, तेवढ्यात व्हिडिओत फोटोतलाच चेहरा दिसला म्हणून थांबल्या. आभार मानून झाल्यावर त्या जरा घुटमळल्या. “पण काकू, खरंच घर भाड्यानं देत नाही का हो?”

“भाड्यानं न्हाय,” झुंबरबाई म्हणाल्या. “पावणं म्हणून या की. पर आधी फोन करा, चूल दावते.”