पिवळ्याच्या शेजारचा ठिपका

मित्रांनो, माझ्या पोटात हात घातलात तर कोमट लागेल. घाबरू नका, तो ताप नव्हे, ती माझी नोकरी. विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातला मी म्हातारा इन्क्युबेटर. विद्यार्थी काचेच्या पसरट प्लेटमध्ये जंतूंचं खाद्य ओततात, त्यावर मातीचं पाणी पसरतात आणि प्लेट उलटी करून माझ्या उबेत ठेवतात. डोळ्यांना न दिसणारे जीव वाढत वाढत ठिपक्याएवढे होतात. हे बघायचा कंटाळा मला अजून आलेला नाही.

नवा होतो तेव्हा माझ्यापुढे रांग लागायची. पुढे दाराचं रबर झिजलं, तेव्हा ते दोरीने बांधू लागले आणि मला खटारा म्हणू लागले. वाईट वाटायचं, खरंच.

एम.एस्सी.ची एक मुलगी मात्र माझ्याकडेच यायची. सारखी प्रश्न विचारते म्हणून वर्गाने तिचं नाव शंकेखोर पाडलं होतं. मातीतला एकेक जीव तिला वेगळा वाढवायचा होता. पण पिवळा ठिपका आला की त्याच्या कडेला बारीक पांढरे ठिपके हमखास यायचे.

"हात साफ नाही तुझा, बाहेरचे जंतू शिरतायत," तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात एकाच जिवाचं शुद्ध कल्चर दाखव, नाहीतर विषय बदल."

तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. पांढरा एकटा लावला की प्लेट कोरीच राहायची. शेवटी रडवेली होऊन ती साऱ्या प्लेट वाफेने जंतू मारायच्या डब्यात टाकायला निघाली.

शेवटची प्लेट तिने सहज खिडकीच्या उजेडात धरली.

"अरेच्चा! बाहेरून आले असते तर कुठेही उगवले असते. हे पिवळ्याला सोडून जात का नाहीत?"

तिने नव्या प्लेटभर पांढरा पसरला आणि मधोमध पिवळ्याची एक रेघ ओढली. मी जीव ओतून ऊब दिली. दार उघडलं तेव्हा रेघेच्या दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके दाटले होते. लांब एकही नव्हता.

मॅडमनी ती प्लेट उजेडात धरली. "पिवळा काहीतरी देतोय आणि त्यावर हा जगतोय. हात साफ आहे गं तुझा, मीच घाई केली. हाच विषय ठेव. आणि या खटाऱ्याच्या दाराला आधी नवं रबर बसवून घे."

दोरी सुटली. मित्रांनो, काही टाकायला निघालात तर आधी एकदा उजेडात धरा. एकटा उगवला नाही, म्हणून तो मेला असं समजू नका. त्याला शेजारी कोण हवं, तेवढं विचारून बघा.