इंदूबाईंची तहान आणि तीन संडास

आनंदराव गोंडाणे यांच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एक बस उभी होती, आणि त्या बसमध्ये संडास सोडून सर्व काही होते. स्वयंपाकाचा ओटा होता, दोन बिछाने होते, भिंतीला मिटवून ठेवता येणारे जेवणाचे टेबल होते. ड्रायव्हरच्या पुढ्यात बुद्धाची लहानशी मूर्ती होती, आणि वळणावर ती हलू नये म्हणून तिला मागून असा क्लॅम्प दिलेला होता की बस उलटली असती तरी मूर्ती जागची ढळली नसती. आनंदरावांनी तरुणपणी तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलची पदविका मिळवली होती आणि पुढे उभी नोकरी बसच्या सांगाड्यांवर पत्रा चढवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर माणसे नातवंडे खेळवतात; आनंदरावांनी मोडीत निघालेली बस आणली आणि तिचे घर केले. आता त्या घराने नवराबायको दोघांनी सांचीला जायचे, तिथून बोधगयेला, आणि मग रस्ता नेईल तिकडे, असा बेत होता.

बेतात अडचण एकच होती. इंदूबाईंनी अट घातली होती.

"संडास बशीतच पायजे," त्या म्हणाल्या, "अन् ओटा त्याच्यापासून दोन हातावर हाय. तवा संडास बसला का मी बशीत बसून चहा मांडीन. चहाचा वास आला, तर मी कुठंही येतो. दुसरा कोनता वास आला, तर तुम्ही एकटे जा अन् त्या स्टेअरिंगसंगं गोष्टी करा."

"अवं, पन रस्त्यानं ढाबे हायेत, पेट्रोलपंप हायेत."

"पाह्यले मी सारे. म्हनून तर बशीत बसाचं असलं का मी आदल्या दिवसापासून पानी पेत नाही."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

आनंदरावांच्या हातातला पाना हातातच राहिला. इतकी वर्षे ते चारचौघांत अभिमानाने सांगत आले होते की आमच्या इंदूला प्रवासात तहान म्हणून लागत नाही. एकदा तर भर लग्नमंडपात त्यांनी तिची तुलना उत्तम स्थितीतल्या रेडिएटरशी केली होती, आणि लोक हसले तेव्हा ते कौतुकाने हसले असावेत असा त्यांचा समज झाला होता. त्या दिवशी त्यांनी पाना पेटीत ठेवला आणि संडासाचा प्रश्न हाती घेतला.

पाण्याचा संडास बसमध्ये चालणार नव्हता. एक टाकी वर, एक खाली, आणि खालची टाकी भरली की ती घेऊन जावे कुठे, हा प्रश्न घेऊन गावोगाव हिंडावे लागले असते. म्हणून कंपोस्ट संडास ठरला. त्यात ओले एका डब्यात जाते, कोरडे दुसऱ्यात; कोरड्यावर लाकडाचा भुसा टाकायचा, आणि कालांतराने त्याचे खत होते. तत्त्व सोपे होते. परंतु तत्त्व सोपे असले की आनंदरावांना अधिक काळजी वाटत असे.

त्यांची मुलगी उन्नती नागपूरच्या मिहान उद्योगवसाहतीत नोकरीला होती. तिने मोबाइलवर पाहून दोन संडास घरी मागवले: एक पांढराशुभ्र, दवाखान्यातल्या यंत्रासारखा, दुसरा पोटात फिरते पिंप असलेला, बाहेरून हँडल मारून आतला माल घुसळायचा. तिसरा आनंदरावांनी स्वतः बनवला. प्लायवूडची पेटी, वर सीट, आत झाकणाची बादली, पुढे ओले वेगळे काढणारे नरसाळे, आणि शेजारी लाकडाच्या वखारीतून आणून, वाळवून, चाळलेला सागाचा भुसा.

"बाबा, एक कोनताबी बसवा अन् मोकळे व्हा," उन्नती म्हणाली.

"चाचणीशिवाय निवड करायला हे काय वांगं हाय का?"

"वांगंही तुम्ही दाबून दाबून घेता."

तिन्ही संडास कडुनिंबाखाली एका ओळीत मांडण्यात आले. पहिली चाचणी केवळ बसून पाहण्याची होती, आणि अर्थातच झाकण लावून. शेजारचे कृष्णकांत गुरुजी, भूगोलाचे निवृत्त शिक्षक आणि देहाने भरभक्कम, स्वतःहून मदतीला आले. त्यांनी मधल्या आसनावर बैठक मारली, वर्तमानपत्र उघडले आणि ते अग्रलेखापर्यंत जाऊन पोचले. आनंदराव उजव्या आसनावर बसून गुडघ्यांचा कोन मोजत होते. रस्त्याने जाणाऱ्या दूधवाल्याने सायकल थांबवली, दोघांकडे पाहिले, रिकाम्या तिसऱ्या आसनाकडे पाहिले, आणि नम्रपणे विचारले,

"जयभीम आनंदरावजी. इथं नंबर लावा लागते का?"

"पुढं हो गा," आनंदराव म्हणाले.

इंदूबाईंना मात्र बसवण्यासाठी बरीच मनधरणी करावी लागली. त्या पांढऱ्या संडासावर बसल्या तेव्हा त्यांचे पाय जमिनीपासून वीतभर वर राहिले.

"हा कोन्या उंटाच्या मापानं केला?" त्यांनी लोंबकळते पाय हलवत विचारले. "मले इथं पाळन्यात बसल्यासारखं वाटून राहिलं."

आनंदरावांनी पांढऱ्याखालचा पाया कापून कमी करता येईल असे मनाशी ठरवले आणि त्याला बाद केले नाही. पुराव्यावाचून कोणाला बाद करणे त्यांना मान्य नव्हते. पुरावा रस्त्यावर मिळणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इंदूबाईंना पातळसर पिठले करायला सांगितले. नवऱ्याने आपण होऊन काही खायला मागितले याचा आनंद होऊन इंदूबाईंनी लसणाची सढळ फोडणी दिली, वर कोथिंबीर भुरभुरली, आणि भाकरी थापायला घेतल्या. भाकरी घेऊन त्या बसमध्ये आल्या तेव्हा आनंदराव पिठल्याचे अर्धे पातेले पांढऱ्या संडासात आणि अर्धे फिरत्या पिंपात ओतून मोकळे झाले होते.

"घट्टपना अगदी बरोबर जमला तुले," ते मनापासून म्हणाले.

इंदूबाईंनी भाकऱ्यांकडे पाहिले, पातेल्याकडे पाहिले, आणि त्या भाकऱ्या घेऊन खाली उतरल्या. त्या घरात त्यानंतर बरेच दिवस पिठले झाले नाही.

बस निघाली. मागे वजन हवे म्हणून कृष्णकांत गुरुजींना दोन्ही संडासांच्या मधोमध स्टुलावर बसवले होते. निरीक्षणाचे कामही त्यांच्याकडेच होते. जरीपटका भागातल्या बाजारात एका हातगाडीला वाट देण्यासाठी आनंदरावांनी ब्रेक दाबला, आणि मागून गुरुजींचा आवाज आला.

"आनंदराव, याचं हँडल आपोआप फिरून राहिलं."

"किती फिरलं?"

"माझ्या नडगीपर्यंत."

फिरत्या पिंपाचा दोष हा होता की त्याला फिरायला माणूस लागत नव्हता. प्रत्येक ब्रेकला हँडल पुढे येई, गुरुजींच्या नडगीवर बसे, आणि बस सुटली की मागे जाऊन पुन्हा येण्याची तयारी करी. गुरुजींनी पाय वर घेतले. पाय वर घेऊन स्टुलावर बसलेल्या भरभक्कम माणसाला पुढचा गतिरोधक दिसत नाही. बस उडाली, गुरुजी उडाले, आणि खाली आले ते पांढऱ्या संडासावर. त्याचे ओले आणि कोरडे वेगळे ठेवणारे पडदे निर्जन खोलीत उत्तम काम करत असावेत. जरीपटक्यात मात्र पिठले ओल्या बाजूला आले, तिथून नळीत, आणि नळीच्या तोंडातून गुरुजींच्या धोतरावर.

बस थांबवून आनंदराव मागे आले.

"काय निष्कर्ष?" त्यांनी विचारले.

"लसूण चांगला खमंग भाजला हाय," गुरुजी म्हणाले. "बाकी दोन्ही परत पाठवून दे."

राहिला आनंदरावांनी बनवलेला संडास. त्याला फिरणारे काही नव्हते, पडणारे काही नव्हते, आणि त्याची उंची इंदूबाईंच्या पायांचे माप घेऊन ठरलेली होती. आनंदरावांनी तो ओट्याजवळच्या कप्प्यात बसवला आणि त्या दिवसापासून घरातला संडास स्वतःपुरता बंद केला. रोज सकाळी ते वर्तमानपत्र घेऊन बसमध्ये जात, वाटीभर भुसा टाकून बाहेर येत, आणि दारात उभे राहून दीर्घ श्वास घेत. वास येत नव्हता. झाकण उघडून नाक आत घातले तरी लाकडाच्या वखारीसारखा येई, एवढेच.

एखाद्या साध्या माणसाने इथे हात धुतले असते आणि बायकोला चहा मांडायला सांगितले असते. परंतु आनंदरावांचे शिक्षण आडवे आले. वास येत नाही हे ठीक. वास येऊच शकणार नाही अशी व्यवस्था हवी. त्यासाठी पेटीतून एक नळी छतापर्यंत न्यायची आणि नळीत पंखा बसवून आतली हवा बाहेर फेकायची. पंखा घरातच होता, जुन्या कूलरमधला. नागपुरात ज्याच्या हाताला थोडेफार तंत्र आहे त्याला उन्हाळ्यात आळीतले सारे कूलर दुरुस्त करावे लागतात. आनंदरावांनी असे पंखे इतके बसवले होते की त्यांचे हात ते काम डोक्याला न विचारता करत. आताही हातांनी विचारले नाही. पंखा बसला, तारा जोडल्या गेल्या, नळीची सांध पक्की झाली. मग आनंदरावांनी पेटीतल्या बादलीत आधीच्या मालावर ताजा भुसा काठोकाठ भरला, म्हणजे परीक्षेच्या दिवशी काही कमी पडायला नको.

परीक्षेला उन्नतीने सुटी घेतली. कृष्णकांत गुरुजी नवे धोतर नेसून आले आणि संडासापासून शक्य तितक्या दूर, ड्रायव्हरच्या आसनावर बसले. इंदूबाईंनी बसच्या ओट्यावर चहा चढवला, आले ठेचून टाकले, आणि हुकूम सोडला.

"दार लावा. खिडक्याही लावा. मंग नका म्हनू का वारा होता म्हनून वाचलो."

सर्व बंद झाले. चहाला उकळी आली. आल्याचा वास बसभर पसरला. इंदूबाईंची चढलेली भुवई थोडी खाली आली, आणि आनंदरावांनी ते पाहिले. इतक्यावर ते थांबले असते तर ती गोष्ट तिथेच जिंकली होती.

"आता पाहा," ते म्हणाले. "आता मी पंखा लावतो."

"काहून?" इंदूबाई म्हणाल्या. "वास तर येऊन नाही राहिला."

"म्हनूनच."

त्यांनी बटण दाबले.

कूलरचा पंखा घरात वारा फेकण्यासाठी असतो. आनंदरावांच्या हातांनी त्याला त्याच बाजूने तोंड करून बसवले होते, जसे आयुष्यभर बसवले. छतावरची सारी हवा नळीतून खाली उतरली, पेटीत शिरली, बादलीतला काठोकाठ भुसा तिने उचलला, आणि सीटचे झाकण टाळ्या वाजवत उघडले. सागाचा पिवळा ढग कप्प्यातून बाहेर पडला आणि त्याने बसचा ताबा घेतला.

"बाबा, बंद करा," उन्नती ओढणीतून म्हणाली.

"बटन दिसून नाही राहिलं."

"आनंदराव, मी गाडी चालू करू का?" ड्रायव्हरच्या आसनावरून गुरुजींनी विचारले. पळून जाण्याचा तेवढा एकच उपाय त्यांना दिसत होता.

अखेर आनंदरावांच्या हाताला बटण लागले. पंखा थांबला. भुसा सावकाश खाली बसत गेला: बिछान्यांवर, उन्नतीच्या केसांत, गुरुजींच्या नव्या धोतरावर, चहावर. इंदूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या, आणि त्यांनी डोळे अजून मिटलेलेच होते.

आनंदरावांना कळून चुकले की आपण एकटेच जाणार. सांचीच्या रस्त्यावर दुसरा बिछाना मोकळा दिसू लागला. स्टेअरिंगशी काय बोलायचे, त्याचीही काळजी पडली.

"पंखा उलटा लागला," ते हळूच म्हणाले. "चूक माझी हाय. कूलरची सवय."

इंदूबाईंनी हात वर करून त्यांना गप्प केले. मग त्यांनी नाकाने श्वास घेतला. पुन्हा घेतला. डोळे उघडले, कप्प्याकडे गेल्या, आणि तोंड वासून बसलेल्या पेटीवर वाकल्या.

"तुम्ही याच्यात इतके दिवस रोज जाऊन राहिले?"

"रोज."

"खोटं नाही?"

"गुरुजींना विचार. ते रोज दात घासता घासता मले पाहतात."

"पाहतो," गुरुजी म्हणाले. "मले वाटलं तुझं घरात भांडन झालं."

इंदूबाई सरळ झाल्या. "सारा वारा याच्या पोटातून निंघाला, अन् माझ्या तोंडावर आला," त्या म्हणाल्या. "अन् मले लाकडाचा वास येऊन राहिला. फर्निचरच्या दुकानात उभं राह्यल्यावानी."

आनंदरावांच्या डोक्यात एक विचार हळूहळू उभा राहिला: याहून कठोर चाचणी जाणूनबुजून आखताही आली नसती. त्यांनी तोंड उघडले.

"म्हनजे तंत्रदृष्ट्या पाह्यलं तर उलटा पंखा हाच—"

"तो पंखा पयले काढा," इंदूबाई म्हणाल्या. "नाहीतर मी खाली उतरतो."

पंखा उतरला. नळीच्या तोंडाला टोपी बसली. बस दोनदा झाडून निघाली, आणि तरी भुसा पुढे भोपाळपर्यंत कुठून ना कुठून निघत राहिला.

जायच्या दिवशी सकाळी उन्नती निरोप द्यायला उभी होती. आनंदराव स्टेअरिंगवर बसून आरसा नीट करत होते, आणि आरशात त्यांना मागचा ओटा दिसत होता. इंदूबाईंनी माठातून तांब्या भरून घेतला. त्यांनी तो तोंडाला लावला आणि मान मागे टाकून, एका दमात, तळापर्यंत रिकामा केला. मग तोंड पुसले, तांब्या पुन्हा भरून घेतला आणि तोही संपवला.

आनंदरावांनी आरसा नीट करण्यात बराच वेळ घालवला.

"चला ना," मागून आवाज आला. "अन् गतिरोधकावर जरा हळू घ्या. मी दोन तांबे पेली."